हुंकार आणि होकार : वैद्यकीय संशोधनातील संमतिपत्राची मराठी

मराठी साहित्य शिकवणाऱ्या बाईंचे औषधसंशोधनाच्या बैठकीत काय काम, हा प्रश्न मला गेली चार वर्षे घरी, महाविद्यालयात आणि खुद्द रुग्णालयाच्या दारावरही विचारला गेला आहे. उत्तर कायद्यातच आहे. आपल्या देशात नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची असेल, तर २०१९ च्या नियमांनुसार त्या संशोधनाला आधी नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता मिळवावी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच. वैद्यकातले लोक असतात, कायद्याची जाणकार व्यक्ती असते, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान यांसारख्या क्षेत्रातले कोणी असते, आणि एक असते ‘सामान्य व्यक्ती’. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या सामान्य व्यक्तीकडून काय अपेक्षित आहे तेही लिहिले आहे. तिचा पेशा वैद्यकीय नसावा, तिला स्थानिक भाषा आणि लोकांच्या रीतीभाती ठाऊक असाव्यात, आणि तिने आराखडा सहभागी होणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचावा. संमतिपत्र आणि त्याची भाषांतरे वाचणे त्यातच आले. इंदूरच्या एका रुग्णालयाच्या समितीत ही सामान्य व्यक्ती मी आहे. (नावाआधी ‘डॉ.’ लागत असल्याने बैठकीच्या दालनाबाहेर कोणी ना कोणी ‘कोणता विभाग?’ असे विचारतेच. ‘मराठी’ म्हटले की पुढचा प्रश्न येत नाही.)

समितीच्या कामकाजाबद्दल गोपनीयतेचे बंधन असते. म्हणून या लेखात औषधाचे, आजाराचे किंवा कंपनीचे नाव येणार नाही, आणि नमुन्यादाखल दिलेली वाक्ये शब्दशः कोणत्याही एका कागदावरची नाहीत. पण अशी वाक्ये मी इतक्या वेळा वाचली आहेत, की ती आता कोणा एकाची राहिलेली नाहीत.

मराठी संमतिपत्र इंदूरला कशाला, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. इथल्या बहुतेक रुग्णांसाठी हिंदी प्रत पुरते, हे खरे. पण शहरातली जुनी मराठी वस्ती आहे, बऱ्हाणपूरकडून आणि खानदेशच्या बाजूने येणारे रुग्ण आहेत. अनेक शहरांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीची मराठी प्रत मुंबई-पुण्यासाठी आधीच तयार झालेली असते. तीच आमच्याकडे येते, सोबत भाषांतराचे प्रमाणपत्र घेऊन. मला या लेखात बोलायचे आहे ते मुख्यतः त्या प्रमाणपत्राबद्दल.

संशोधनातल्या संमतीचा इतिहास बहुतेकांना न्यूरेम्बर्गपासून ठाऊक असतो. छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवर खटला चालला, १९४७ साली निकाल लागला आणि निकालपत्रात प्रयोगांसाठी दहा तत्त्वे घालून दिली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व सहभागी व्यक्तीच्या ऐच्छिक संमतीचे आहे. पण भाषेच्या अभ्यासकाने न्यूरेम्बर्गपेक्षा अमेरिकेतल्या टस्कीगीकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे उपदंश, होता. उपचार न केल्यास हा रोग कसा वाढतो ते पाहायचे होते. त्या माणसांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही. ‘तुमचे रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले गेले. ‘खराब रक्त’ हा त्या भागातला रोजचा शब्द होता. अशक्तपणा, थकवा, गुप्तरोग, सगळे त्यात बसत असे. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून सांगितली गेली. पेनिसिलिन हा खात्रीचा इलाज सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना तो दिला गेला नाही.

इथे भाषा अवघड नव्हती. अगदी सोपी, लोकांच्या तोंडची होती, आणि तिनेच फसवले. लेखनात बोलीभाषा आणली की प्रामाणिकपणा आपोआप येतो असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो; टस्कीगी त्याला पुरेसे उत्तर आहे. सोपे शब्द खऱ्या माहितीसाठी वापरायचे असतात, माहितीऐवजी नव्हे.

आता आपल्या गावाकडे येते. २००५ मध्ये भारतातले नियम बदलले आणि परदेशी कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या इथे त्याच टप्प्यावर, त्याच वेळी घेणे शक्य झाले. चाचण्या झपाट्याने वाढल्या. २०१० च्या सुमारास इंदूरमधल्या चाचण्यांबद्दल तक्रारी सुरू झाल्या. आपल्यावर नव्या औषधाची चाचणी चालली आहे हे आपल्याला कळलेच नव्हते, हा त्या तक्रारींचा गाभा होता. विधानसभेत प्रश्न आले, चौकशी झाली, आणि २०१२ मध्ये इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या खटल्यात केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार २००५ ते जून २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ सहभागी दगावले होते, आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले. पहिला आकडा वाचून दचकायला होते, पण चाचण्यांत कर्करोगाचे, हृदयविकाराचे गंभीर रुग्णही असतात, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. २०१३ मध्ये भरपाईचे आणि नैतिकता समित्यांच्या नोंदणीचे नियम आले, आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश निघाला. आज हे मुद्रण सर्वच चाचण्यांना लागू नाही. अगदी नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल गटांतली माणसे सहभागी होत असतील तर ते लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा न दाखवता फक्त आवाज नोंदवतात.

देशभरात आज जे नियम पाळले जातात, त्यांतल्या काहींच्या मुळाशी इंदूरचे रुग्ण आहेत, हे इथल्या मराठी माणसालाही फारसे ठाऊक नसते.

नियम काय म्हणतो? संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत हवे. माणूस लिहिता-वाचता नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सगळी प्रक्रिया होईपर्यंत हजर हवा आणि त्याची सही हवी. कागदाची एक प्रत सहभागी व्यक्तीच्या हाती पडली पाहिजे. हे सगळे बरोबरच आहे. प्रश्न ‘समजेल अशा भाषेत’ या तीन शब्दांचा आहे. समजेल की नाही, हे तपासायचे कसे?

सध्याची पद्धत अशी. इंग्रजी मसुदा एक भाषांतरकार मराठीत आणतो. दुसरा भाषांतरकार, मूळ इंग्रजी न पाहता, त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो. दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहतात. ते जुळले की भाषांतर अचूक असल्याचे प्रमाणपत्र मिळते. याला उलट भाषांतर म्हणतात. पद्धत वाईट नाही. ‘घेऊ नये’ च्या जागी ‘घ्यावे’ पडले असेल, मात्रेचा आकडा चुकला असेल, एखादे वाक्य गळले असेल, तर ते इथे पकडले जाते.

पण ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द घ्या. इंग्रजीतल्या पारिभाषिक शब्दाला कोशात दिलेला हा प्रतिशब्द. दुसरा भाषांतरकार त्याचे इंग्रजी करतो तेव्हा मूळ शब्द जसाच्या तसा परत मिळतो. शंभर टक्के जुळणी. आणि बऱ्हाणपूरच्या केळीबागेत काम करणाऱ्या माणसाला, किंवा खरे तर माझ्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यालाही, त्यातून काहीही कळत नाही. पारिभाषिक शब्द जितका कृत्रिम, तितका तो उलट भाषांतरात नेमका परततो; कारण त्याला दुसरा अर्थच नसतो, तो इंग्रजी शब्दाचीच सावली असतो. उलट, आपण ते सोप्या वाक्यात सांगितले तर परत येणारे इंग्रजी मूळ मसुद्याशी जुळत नाही, आणि मजकूर ‘दुरुस्ती’साठी परत येतो. म्हणजे ही तपासणी कळणाऱ्या मराठीला नापास करते आणि न कळणाऱ्या मराठीला पास. मराठी मजकूर इंग्रजीशी इमानी आहे एवढेच त्या प्रमाणपत्राने सिद्ध होते. ज्याच्यासाठी तो लिहिला त्या माणसाचा त्या तपासणीत कुठेच प्रवेश नसतो.

याच शब्दावर थोडे थांबते, कारण त्यामागची कल्पना संशोधनाचा कणा आहे. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवले असते तर त्यांनी नकळत बरे होण्याजोगे रुग्ण निवडले असते, किंवा दयेपोटी सर्वांत आजारी असलेले. मग फरक औषधामुळे पडला की निवडीमुळे, ते कळले नसते. म्हणून संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी ही वाटणी आकड्यांच्या स्वैर यादीवरून करून बंद लिफाफ्यांत ठेवली होती. ही पद्धत शास्त्राला फार मोठी देणगी ठरली. आणि हेही सांगायला हवे की ज्यांना औषध मिळाले नाही त्या रुग्णांना, आपण एका अभ्यासाचा भाग आहोत हे रुग्णालयातल्या मुक्कामात कळू दिले नव्हते.

मग हे मराठीत कसे सांगावे? समितीत यावर एकदा बराच वेळ चर्चा झाली. एका तरुण डॉक्टरांनी ‘लॉटरीप्रमाणे’ असे सुचवले. पण मराठीत लॉटरी ‘लागते’. लॉटरी लागणे म्हणजे नशीब उघडणे. वाचणाऱ्याला वाटेल की नवे औषध मिळणे हे बक्षीस आहे, आणि ते चांगले आहे की नाही हेच तर अजून ठरायचे असते. ‘नाणेफेक’ म्हटले तर नाणेफेक जिंकायची असते. ‘कौल’ हा शब्द मला क्षणभर मोहक वाटला, गोव्या-कोकणातल्या वाचकांना तो लगेच कळेल. पण कौलामागे देव असतो, आणि देवाला आपले हित कळते ही श्रद्धा असते. इथे नेमके उलटे सांगायचे आहे : तुमचे हित पाहून ही निवड होत नाही. शेवटी भिशीची चिठ्ठी उरली. भिशीत चिठ्ठी निघते, कोणाची निघेल ते कोणाच्या हाती नसते, आणि हा अनुभव बायका-पुरुष सगळ्यांना असतो. वाक्य असे झाले : ‘दोन औषधांपैकी तुम्हाला कोणते मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही. चिठ्ठी काढावी तसे ते संगणक ठरवेल.’ भिशीचा उल्लेख आम्ही काढून टाकला, पैशांचा संबंध नको म्हणून. चिठ्ठी राहिली.

प्लासिबोचेही तसेच. ‘छद्मौषध’ कोणाला कळत नाही. ‘खोटे औषध’ म्हटले की बाजारातली बनावट औषधे डोळ्यांसमोर येतात. ‘साखरेची गोळी’ ऐकून मधुमेहाचा रुग्ण उठून जाईल. ‘दिसायला अगदी औषधासारखी, पण जिच्यात औषध नाही अशी गोळी’ हे लांब आहे, पण खरे आहे.

सर्वांत फसवा शब्द मात्र साधा आहे : चाचणी. रुग्णालयात चाचणी म्हणजे रक्ताची, लघवीची, थुंकीची. ‘आपणास या चाचणीत सहभागी होण्याची विनंती करण्यात येत आहे’ हे वाचून किंवा ऐकून माणूस समजतो की डॉक्टर आपला आजार शोधण्यासाठी आणखी एक तपासणी करत आहेत. संशोधन आणि उपचार यांची ही गल्लत जगभर होते. पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तिला नाव दिले. मराठीत तिला ‘उपचाराचा भास’ म्हणता येईल. पांढऱ्या कोटातला माणूस जे काही करतो ते माझ्या भल्यासाठीच, असे रुग्ण गृहीत धरतो. करोनाच्या काळात भोपाळमधल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात लशीची चाचणी झाली, तेव्हा सहभागी झालेल्या काहींनी माध्यमांना सांगितले की आपल्याला करोनाची लस मिळते आहे एवढेच आपल्याला कळले होते. संस्थेने आरोप फेटाळले. खरेखोटे करण्याचा अधिकार मला नाही. पण ‘लस घ्या’ आणि ‘लशीच्या चाचणीत भाग घ्या’ या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याच्या कानाला किती थोडा फरक जाणवतो, आणि अर्थात किती मोठा आहे, हे भाषेच्या शिक्षकाला सांगायला नको. आमच्या समितीपुढच्या मराठी प्रतींच्या डोक्यावर आता मोठ्या अक्षरांत दोन वाक्ये असावीत असा माझा आग्रह असतो : ‘हे संशोधन आहे. हा तुमच्या आजारावरचा नेहमीचा उपचार नाही.’ ‘प्रयोग’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता. पण तो ऐकून लोक बिचकतात, आणि डॉक्टर तर त्याहून बिचकतात.

‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता’ हे वाक्य प्रत्येक संमतिपत्रात असते, असावेच लागते. ते व्याकरणशुद्ध आहे आणि उलट भाषांतरातही उतरते. पण माघार कोण घेतो? रणातून पळणारा, निवडणुकीतून अर्ज काढून घेणारा. शब्द दिला की पाळायचा, या संस्कारात वाढलेल्या माणसाला सही केल्यावर ‘माघार’ घेणे म्हणजे कमीपणा. डॉक्टरांनी एवढे केले आणि आता नाही कसे म्हणायचे? म्हणून माणसे त्रास होत असतानाही येत राहतात, किंवा न सांगता यायचीच बंद होतात, जे त्यांच्याही जिवाला वाईट आणि संशोधनालाही. ‘तुम्हाला मधेच थांबायचे असेल तर थांबा. कारण सांगावे लागणार नाही. इथले तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील. फक्त थांबण्याआधी आम्हाला कळवा, म्हणजे औषध सुरक्षितपणे बंद करता येईल.’ असे म्हटले तर तो हक्क वापरण्याजोगा होतो.

‘क्वचित’ आणि ‘दुर्मीळ’ यांबद्दल थोडेच. औषधांच्या दुष्परिणामांची इंग्रजी वर्गवारी आकड्यांवर बेतलेली असते. ‘दुर्मीळ’ म्हणजे हजारात एकापेक्षा कमी आणि दहा हजारांत एकापर्यंत. मराठीत ‘क्वचित’ म्हणजे कधीमधी, आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे जुनी पुस्तके. आकडा द्यावा, हजार माणसांत एखाद्याला असे. रक्तही ‘१० मिली’ नव्हे, ‘दोन चहाचे चमचे’.

व्याकरणाचा एक मुद्दा मात्र माझ्या मते शब्दांपेक्षाही मोठा आहे. सरकारी मराठीने आपल्याला ‘-ण्यात येईल’ ही देणगी दिली. ‘रक्ताचे नमुने घेण्यात येतील’, ‘आपणास कळविण्यात येईल’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. कोण घेणार, कोण कळवणार, कोण करणार? कर्ता गायब. कार्यालयीन पत्रात हे खपते. पण नव्या औषधाची गोळी घेऊन घरी गेलेल्या बाईला रात्री दोन वाजता धाप लागली, तर तिला कर्ता हवा असतो : नाव आणि फोन नंबर. ‘त्रास झाल्यास वैद्यकीय मदत उपलब्ध करून देण्यात येईल’ या वाक्यातून तिला तो मिळत नाही. मी समितीत वाक्याखाली रेघ मारून फक्त ‘कोण?’ असे लिहिते. सुरुवातीला सदस्यांना हा व्याकरणाच्या बाईंचा चाळा वाटे. पण अशा वाक्यांत कर्ता शोधायला गेल्यावर एकदोनदा असेही आढळले, की ती जबाबदारी खरोखरच कोणावर सोपवलेली नव्हती.

जबाबदारीवरून दुसऱ्या एका कागदाकडे वळावे लागते. शस्त्रक्रियेआधी भरून घेतात तो कागद आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याची भाषा जुन्या दस्तऐवजांची आहे : राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून देतो की काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर अथवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही. सही करणाऱ्याच्या मनात ‘संमती’ म्हणजे हेच बसलेले असते : आपण हक्क सोडून देत आहोत. वास्तविक उपचाराच्या संमतीचाही कायद्याने तो अर्थ नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. संशोधनात तर चित्र पूर्ण उलटे आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे; मृत्यू झाल्यास भरपाई मोजण्याचे सूत्र ठरलेले आहे, त्याचा आधार ८ लाख रुपये, आणि वय व धोका पाहून रक्कम ठरते. म्हणूनच संमतिपत्रावर वारसाचे नाव आणि वार्षिक उत्पन्न विचारतात. पण ‘वारस’ हा शब्द दिसला की नातेवाईक घाबरतात, आणि ‘भरपाई’चा परिच्छेद कायदेशीर मराठीत असल्याने कोणी वाचत नाही. पहिल्या कागदाची सवय दुसऱ्या कागदावर सही करते. हक्क देणारा कागद हक्क सोडण्याचा समजून माणसे घडी घालून पिशवीत ठेवतात, आणि गरज पडते तेव्हा तो काढतच नाहीत.

आता आपल्यासारख्यांचा, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा प्रश्न. तो मुंबई-पुण्याच्या समित्यांना पडत नाही. फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा रकाना असतो; रुग्ण ‘मराठी’ म्हणतो आणि मराठी प्रत पुढे केली जाते. पण इंदूर-ग्वाल्हेरकडचा मराठी माणूस घरी मराठी बोलतो आणि वाचतो हिंदी. वडोदऱ्यात घरात मराठी असलेला मुलगा गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकलेला असतो. त्याच्यापुढे मराठी कागद ठेवणे हा आदर नव्हे, अडचण आहे. बेळगावकडे घरात मराठी आणि शाळा कन्नड अशी माणसे आहेत, आणि घरातही मराठी, शाळाही मराठी अशीही आहेत. नावावरून ते ओळखता येत नाही. गोव्यात अनेकांची वाचनाची भाषा मराठी आहे, वर्तमानपत्र आणि पोथी मराठीत, पण दुखणे सांगायची आणि ऐकायची भाषा कोंकणी. तिथे कागद मराठी आणि समजावणे कोंकणीत, हीच योग्य रीत ठरेल. म्हणून मातृभाषेच्या एका रकान्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत असे मी सुचवले आहे : घरी कोणती भाषा बोलता, कोणती वाचता, आणि डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलायला बरे वाटते. मराठीच्या अकादमीच्या वार्षिकात मराठी प्रत न देण्याची शिफारस करणे विचित्र वाटेल, पण हा मराठीच्या प्रतिष्ठेचा मुद्दा नव्हे, त्या माणसाच्या जिवाचा आहे.

कागद कितीही चांगला झाला तरी संमती कागदावर घडत नाही, ती बोलण्यात घडते. आणि तिथे आपल्या भाषेची एक जुनी सवय आड येते. कोणी सांगत असले की आपण ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ म्हणत राहतो. कीर्तनात, गोष्ट ऐकताना, फोनवर. हा हुंकार. त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच. होकार वेगळा. पण दोन्हींसाठी आपल्याकडे ‘हो’ हाच आवाज आहे, आणि मोठ्या माणसासमोर तर हुंकार न देणे उद्धटपणाचे. समोर कॅमेरा लावला तर हा गोंधळ मिटत नाही. उलट वीस मिनिटांचा हुंकार सुबकपणे नोंदला जातो आणि फायलीत होकार म्हणून जमा होतो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात खम्मममधल्या दोन हजारांहून अधिक अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, असे पुढे चौकशीत निघाले. नंतर झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तिथे तर हुंकारसुद्धा घेतला गेला नव्हता.

यावर एक साधा उपाय जगभर वापरला जातो आणि आमच्या शिक्षकी पेशाला तो पाठ आहे. ‘समजले का?’ असे विचारायचेच नाही. वर्गात त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी म्हणायचे, ‘मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. घरी गेल्यावर वहिनींना हे काय म्हणून सांगाल?’ माणूस आपल्या शब्दांत सांगू लागतो. ‘हे नवे औषध आहे, त्याने मी बरा होईन’ असे तो म्हणाला, तर संमती अजून झालेली नाही. ‘दोन औषधे आहेत, मला कुठले मिळेल माहीत नाही, नको वाटले तर बंद करता येते’ असे म्हणाला, तर झाली. संशोधक म्हणतात, यात वेळ जातो. जातो. चांगले काम करणारे डॉक्टर तो देतातही. माझ्या पाहण्यात असे अनेक आहेत, आणि चाचण्यांशिवाय औषधे येणार नाहीत हे मला मान्यच आहे. कागदही वीस-बावीस पानांचा होतो तो कंपनीच्या वकिलांमुळे, डॉक्टरांमुळे नव्हे. अमेरिकेतल्या सुधारित नियमांनी आता सुरुवातीलाच थोडक्यात मुख्य माहिती देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे तसे पहिले पान मराठीत लिहायला कोणाची हरकत असणार नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी पदव्युत्तर वर्गाला एक उपक्रम देते. आराखड्याशी संबंध नसलेले, मीच तयार केलेले संमतिपत्राचे एक पान प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या साठीपुढच्या माणसाला वाचून दाखवायचे, त्यांना ते परत सांगायला लावायचे, जिथे ते अडले तिथे वाक्य बदलायचे आणि पुन्हा दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायचे. विद्यार्थी येतात ते अलंकार आणि वृत्ते शिकलेले. तिसऱ्या फेरीनंतर त्यांच्या वाक्यांतले ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ आणि ‘अनुषंगाने’ गळालेले असतात. एका मुलीच्या आजीने ‘दुष्परिणाम’ या शब्दाला ‘म्हणजे गोळीचं उलटणं’ असे म्हटले. मी तो शब्द टिपून ठेवला आहे. समितीत अजून मांडायचा आहे.

हे काम आता रुग्णालयापुरतेही राहिलेले नाही. आरोग्याच्या नोंदी मोबाइलवर येत आहेत, आभा क्रमांक काढताना संमतीच्या खुणा कराव्या लागतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय नागरिकाला दिली आहे. मराठी त्या बावीस भाषांत आहे, कोंकणीही आहे. त्या सूचना कोणीतरी लिहिणारच, आणि सध्याच्या रीतीने लिहिल्या तर त्या यंत्राने भाषांतरित होऊन, उलट भाषांतरात जुळून, प्रमाणपत्रासह येतील. नैतिकता समित्यांना सामान्य व्यक्ती शोधाव्या लागतात आणि त्या सहसा ओळखीतून सापडतात. आपल्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा मोठ्या रुग्णालयाला एक पत्र लिहून मराठीच्या शिक्षकाने आपले नाव कळवावे, एवढे सहज करता येईल. सदस्य झाल्यावर प्रशिक्षण मिळते, बैठकीआधी कागद घरी येतात. बरोबर लाल पेन असावे.